महिपतरावांची तीस मीटर केबल

ज्ञानदाची परीक्षा शुक्रवारी दुपारी चारला होती, पण घाम तिच्या वडिलांना, महिपतरावांना फुटला होता. ऑनलाइन गणित शिकवायची नोकरी तिला मिळण्यासारखी होती. नमुन्याचा एक तास न तुटता घेतला की झालं. मग पुण्यात खोली शोधायची गरज उरणार नव्हती. अडचण एवढीच, की अक्कलकोट रोडवरचं त्यांचं घर खोलगट जागेत होतं आणि मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर यायची.

महिपतराव चिंचोळीच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. माल कमी पडता कामा नये, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. सिमवर चालणारा राउटर आणि गच्चीवर लावायची अँटेना घरी आली होती. गुरुवारी दोन्ही जोडायची केबल आणायला ते सोलापुरात गेले आणि चनबसप्पाच्या दुकानात त्यांनी तीस मीटर मागितली.

"काका, घर किती मजली हाय?"

"एकच. पण उरलेली बरी असते."

"केबल लांबली की सिग्नल वाटंतच जिरतोय बघा. जाड घ्या, आखूड घ्या."

कमी माल घ्या म्हणणारा दुकानदार महिपतरावांनी जन्मात पाहिला नव्हता. ह्याच्याकडे साठाच नसणार, असा निष्कर्ष काढून त्यांनी शेजारच्या दुकानातून टीव्हीची पातळ, मऊ, पांढरी केबल घेतली. पूर्ण तीस मीटर. तिचं टोक राउटरला बसेना म्हणून एक जोड आणला, तो अँटेनाला बसेना म्हणून दुसरा. संध्याकाळी गच्चीवर मोबाइलला चार दांड्या होत्या, खाली राउटरवर मात्र लाल दिवा. उरलेली वीसेक मीटर केबल दिवाणाखाली वेटोळं घालून पडली होती. सिग्नल तितंच झोपला असेल, असं त्यांच्या पत्नीचं, रुक्मिणीबाईंचं मत पडलं.

शुक्रवारी सकाळी महिपतराव मान खाली घालून परत चनबसप्पाकडे गेले. त्यानं दहा मीटर जाड केबल मोजून दिली. ती इतकी ताठ निघाली, की जिन्याच्या वळणावर वळेना. खिडकीतून आत ढकलली, तर टोकानं ओट्यावरचं दह्याचं पातेलं पाडलं. महिपतरावांनी चिडून ओढली, तेव्हा वर अँटेना धरून ठेवणारा क्लॅम्पच तुटला. साडेतीन वाजले होते.

दही पुसता पुसता रुक्मिणीबाई म्हणाल्या, "ती खाली येत न्हाय, तर राउटरच वर न्या की."

मग ज्ञानदानं अँटेनाचा खोका पुन्हा उपसला. तळाशी दोन मीटरची केबल होती, कंपनीनंच दिलेली. ती नमुना म्हणून दिली असेल असं समजून महिपतरावांनी जपून ठेवली होती.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत कांद्याची पोती सरकवून टेबल मांडलं. राउटर लावला. दिवा हिरवा झाला. पण वारा सुटला होता आणि क्लॅम्प नसलेली अँटेना भिंगरीसारखी फिरायला लागली. चारला दोन मिनिटं असताना महिपतरावांनी बाहेर जाऊन तिचा खांब दोन्ही हातांनी धरला.

तासभर ते हलले नाहीत. आतून अपूर्णांक ऐकू येत होते, मधेच मुलांचं हसणं. अखेर ज्ञानदा दारात आली. तिचे डोळे भरले होते.

"बाबा, घेतलं मला. सोमवारपासून रोज चार तास."

महिपतरावांनी मान डोलावली. खांब सोडला नाही.

"मग एक स्टूल आणून ठेव हितं," ते म्हणाले.