सुस्थितीत आढळल्याने अपात्र

माझ्या लग्नात दौलतकाका स्टेजवर आले, पाकीट माझ्या हातात दिलं आणि थेट माझ्या खुर्चीखाली शिरले. फोटोग्राफर थांबला. बायकोच्या माहेरची मंडळी उठून उभी राहिली. खालून आवाज आला, "हालू नको पम्या, याले दुखून राह्यलं." खुर्चीचा एक पाय लचकत होता. काकांनी खिशातलं पेचकस काढून तो आवळला, गुडघे झटकले आणि जेवायला निघून गेले. आमच्या अल्बममध्ये एका फोटोत नवरा आहे, नवरी आहे आणि मधोमध दोन तळपाय आहेत. हे कोण, असं सासरे आजही विचारतात.

हे दौलत इंगळे. मूळचे इंझोरीचे. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी जुन्या बाजारात त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं आणि बरोबर समोर माझं झेरॉक्सचं. लोक खिशाला पेन लावतात, काका पेचकस लावतात. कामरगावकडून बाया जीपच्या टपावर मशीन टाकून यायच्या. काका म्हणायचे, "बसा." बाई बसायला गेली की म्हणायचे, "तुमी नाही बाई, मशीनले बसवा." मग चाकावर हात ठेवून चौकशी सुरू. "कधीपासून हाये ही खरखर? थंडीत जास्त होते काय?" बाई बिचारी आपल्याच दम्याबद्दल सांगायला लागायची.

मयतीच्या घरी बसायला गेले तरी तेच. चार माणसं गळ्यात पडून रडताहेत, आणि हे मधूनच उठून दाराची कडी हलवून पाहतायत. लोकांना राग यायचा. पण जाताना कडी नीट लागलेली असायची, त्यामुळे तोंडावर कोणी काही बोलत नसे.

आता अशा माणसाच्या हाती सरकारी योजना लागली तर काय होतं, ते आम्ही सगळ्या बाजारानं पाहिलं.

काकांचं दुकान खाली, राहणं वर माडीवर. इमारत कोण्या जमान्यातल्या कापसाच्या अडत्याची. सागवानी खांब, दगडी पायऱ्या, माडीला कोरीव कठडा, वर कवेलू, म्हणजे कौलं. मालकाचा मुलगा पुण्याला. काका चाळीस वर्षांचे भाडेकरू, पण निगा अशी ठेवायचे की मालकच भाडेकरू वाटावा. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे, खांबांना जवसाचं तेल पाजायचे. 'पाजायचे' हा शब्द त्यांचाच. सुमनकाकू होत्या तोवर त्या खाली शिडी धरून उभ्या राहायच्या आणि वर बघून सांगायच्या, "तिकडचं एक राह्यलं." सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. तेव्हापासून काका शिडी दोरीनं खांबाला बांधून चढायचे.

तर योजना आली. जुन्या पेठेला नवी झळाळी देणार होते. जुनी इमारत दुरुस्त करा, अर्धा खर्च सरकारचा. दुकानासाठी कर्ज घ्या, व्याजात सूट. आणि एकदा पैसा घेतला की पुढं बरीच वर्षं इमारत पाडायची नाही. अर्ज सात प्रतींत. म्हणजे योजनेचा पहिला लाभार्थी मीच, हे मी लाजत-लाजत कबूल करतो.

मालकाच्या मुलाला तिथं कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. अनुदान मिळालं तर इमारत ठेवतो, नाहीतर दिवाळीनंतर पाडतो, एवढं फोनवर सांगून तो मोकळा झाला. काकांनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "पम्या, अर्ज कसा भरा लागते गा?"

मेख एकच होती. इमारत जीर्ण पाहिजे, पण पडलेली नको. म्हणजे मरणाला टेकलेली, पण श्वास चालू. झालं, सगळा बाजार कामाला लागला. ज्यांनी बापजन्मी एक खिळा ठोकला नव्हता ते छिन्नी घेऊन उभे. शंकर मिस्त्री, ज्याची भिंत कधी ओळंब्यात आली नाही, तो रातोरात कलावंत ठरला. "भेग किती साल पुरानी पायजे ते सांगा फक्त," तो विचारायचा. नव्या लाकडाला चहाचं पाणी लावून तो असं वाळवी खाल्लेलं करून द्यायचा, की खरी वाळवी फसावी. रांगेत या, म्हणायचा. भेगेला अॅडव्हान्स घेणारा मिस्त्री मी दुसरीकडे पाहिला नाही.

काकांच्या इमारतीत मात्र खोट काढावी तर कुठं काढावी. आम्ही त्यांना समजावलं. दोन-चार कवेलू काढू, कठड्याचा एक गज मोडू, पायरीत एक भेग टाकू. पैसा आला की सगळं नीट करू. काकांनी कठड्यावरून एकदा हात फिरवला. मग ऑपरेशनच्या कागदावर सही करावी तसे म्हणाले, "करा. मी इथं थांबत नाही." आणि बस स्टँडवर जाऊन बसले.

तपासणीच्या दिवशी साहेब दहाला आले. मी हात चोळत पुढं झालो, वर पाहतो तर कवेलू जागेवर, कठडा जागेवर, पायरी गुळगुळीत. काका दारात उभे, केसांत चुना. मी कपाळावर हात मारला. "काहून केलं हे?" तर म्हणे, "सकाळी उठलो, पाह्यलं. पाह्यवलं नाही."

साहेब भला माणूस. इमारतीभोवती एक चक्कर मारून मला बाजूला घेऊन म्हणाले, "पंधरा दिवसांनी परत येतो. तोवर यांना सांगा, इमारतीची काळजी घेऊ नका." सरकारी माणसानं दिलेला इतका प्रामाणिक सल्ला मी आयुष्यात ऐकला नव्हता.

दुसऱ्या खेपेला मी पक्का बंदोबस्त केला. काकांची सगळी औजारं, खिशातल्या पेचकसासकट, माझ्या दुकानात कुलपात ठेवली. शंकर मिस्त्रीनं जीव ओतून काम केलं. पायरीतली भेग तर अशी उतरली, की त्यानं तिचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. साहेब आले, खूश झाले, लिहीत सुटले. कवेलू फुटके. कठडा मोडका. पायरीला तडा. काका शेजारी हात मागं बांधून उभे. मी मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

मग साहेबांनी खांबांकडे पाहिलं आणि लिहिता-लिहिता मोठ्यानं म्हणाले, "एकूण इमारत धोकादायक."

"कोणाले धोकादायक म्हणून राह्यले तुमी?" काका म्हणाले.

मी त्यांचा सदरा ओढला. उपयोग नाही. काकांनी साहेबांचा हात धरून खांबावर ठेवला. "हात लावून सांगा, साहेब. हा हालते काय? आन् ही भेग छिन्नीची हाये, परवा पाडली. कवेलू यानं काढले, या पम्यानं. हिले काही झालं नाही. चाळीस साल झाले, कोणाच्या अंगावर माती पडू देल्ली नाही हिनं."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. बाजार बघत होता. शंकर मिस्त्री तर आपलंच नाव निघतं की काय म्हणून मागच्या मागं गायब झाला. साहेब एवढंच म्हणाले, "तुम्ही आता मला दुसरं काही लिहू देत नाही, काका."

महिन्याभरात पत्र आलं. 'इमारत सुस्थितीत आढळल्याने प्रस्ताव अपात्र.' काकांनी ते माझ्याकडून लॅमिनेट करून घेतलं आणि दुकानात भिंतीवर लावलं. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचे, "सरकारनं लिहून देल्लं." शेजारच्या कापड दुकानदाराला मात्र पहिला हप्ता मिळाला. वडिलांच्या मागं त्यानं इमारतीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ती मेहनत फळाला आली. त्या पैशात त्यानं समोर काच बसवली, आणि वारसा जतन केल्याचा हा मोठा फ्लेक्स लावला. फ्लेक्सनं कोरीव कमान पूर्ण झाकली. उद्घाटनाला फीत कापायच्या आधी माईकची दांडी सारखी खाली घसरत होती. ती कोणी आवळली ते सांगायला नको.

दिवाळी झाली. मालकाच्या मुलानं तारीख कळवली. इंझोरीचा पुतण्या टेम्पो घेऊन आला, मशिनी भरल्या, दोन पेट्या भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी येणार होता. उरलेलं सामान बांधायला हात लावावा म्हणून मी समोर गेलो, तर काका पायरीवर उकिडवे बसलेले. घमेल्यात चुना कालवलेला. कवेलू आणि कठडा त्यांनी केव्हाच नीट केला होता; तेवढी राहिलेली, शंकर मिस्त्रीनं पाडलेली ती भेग ते थापीनं भरत होते.

माझं डोकंच फिरलं. खरं सांगतो, इतक्या दिवसांचा सगळा राग बाहेर आला. "काका, उद्या पाडून राह्यले हे सगळं. उद्या. तेव्हा गप राह्यले असते त वाचली असती. तुमच्या तोंडानं घर घालवलं तुमी. आन् आता भेग भरता?"

काका चुना दाबत राहिले.

"सुमनले नागपूरहून परत आणलं न, तवा डॉक्टरनं सांगतलं होतं, दोन-तीन दिवस. घरी आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी समजलंच होतं मले, आज काही खरं नाही. तरी तिचं डोस्कं धुतलं, तेल लावलं, येणी घातली. मले काही येत नव्हती येणी. वाकडी झाली. बहीण वरडली माह्यावर, म्हणे आता कायले." त्यांनी थापी घमेल्याच्या काठावर पुसली. "उद्या न्यायची हाये म्हणून आज तसंच राहू द्याव काय तिले?"

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. मी त्याला हातानं थांब म्हटलं. चुना घट्ट होत आला होता. मी माझ्या दुकानातून पाण्याची बाटली आणली, खाली बसलो आणि घमेल्यात थोडं-थोडं पाणी टाकत राहिलो. भेग लांब होती. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी ती पूर्ण भरली.