शंकेखोर पाहिजे

लोकशाहीत शंका घेण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो, आणि इतका मौल्यवान अधिकार असा कुणाच्याही हाती सोडून चालत नाही. त्यासाठी योग्य माणूस नेमावा लागतो. आमच्या स्तारोप्लोत्स्क गावाला हे यंदाच्या फेब्रुवारीत उमगलं.

रशियातल्या निवडणुका म्हणजे खरी लोकशाही नव्हे, असं परदेशी वर्तमानपत्रांनी पुन्हा एकदा छापलं. प्रांताच्या कचेरीने ते मनाला लावून घेतलं आणि परिपत्रक काढलं: मार्चच्या मतदानाआधी गावोगावी या विषयावर खुली जाहीर चर्चा व्हावी. परिपत्रक फार उदार मनाचं होतं. दोन्ही बाजू हव्यात. बोलण्यावर बंधन नको. उपस्थिती स्वेच्छेची (हजेरी खातेप्रमुख घेतील). आणि चर्चेच्या शेवटी शंका घेणाऱ्याचं पूर्ण समाधान झालेलं असावं, म्हणजे लोकांना शेवटची बस मिळेल.

आमच्या सांस्कृतिक भवनाच्या संचालिका रिम्मा आर्काद्येव्ना कामाला लागल्या. ‘लोकशाही आहे’ या बाजूने बोलायला त्रेचाळीस जण पुढे आले. त्यातले दोघे खुर्च्या लावायला आले होते, पण आल्यासरशी त्यांनीही नावं दिली. ‘नाही’ या बाजूला मात्र एकही माणूस मिळेना. रिम्मा आर्काद्येव्ना बिअरच्या टपरीवर गेल्या. तिथे तिखोन नावाचा इसम हवामानापासून हेरिंग माशाच्या काट्यापर्यंत सगळ्यावर रोज तक्रार करतो.

“मी?” तिखोन दचकला. “मला कुठे शंका आहे? मला तर सगळं आवडतं!”

“अहो, काल तर तुम्ही—”

“काल मी प्यालो होतो. शुद्धीवर असताना मी फार समाधानी माणूस आहे. विचारा कुणालाही.”

शेवटी निवड झाली वेनियामिन ग्लुखारेवची. हा निवृत्त वेल्डर आमच्याकडे नववर्षाच्या बालनाटकात कैक वर्षं दुष्ट जादूगाराचं काम करतोय. दर वर्षी पहिल्या प्रवेशात तो गडगडाटी हसतो, तिसऱ्यात हरतो आणि मग मुलांना टॅंजरिन संत्री वाटतो. हरण्याचा एवढा अनुभव असलेला दुसरा माणूस गावात नव्हता. त्याला तीन प्रश्न पाठ करायला दिले, आणि शेवटचं वाक्य: ‘आता माझं समाधान झालं.’

त्याची बायको तमारा बालवाडीत स्वयंपाक करते. तिला हे पसंत नव्हतं.

“वेन्या, तू ते शेवटचं वाक्य नीट पाठ कर. बाकीचं विसरलास तरी चालेल.”

“चारच शब्द आहेत ते, तमारा.”

“माझी नोकरी त्या चार शब्दांवर आहे, हे लक्षात ठेव.”

इथे थोडं मागे जायला हवं. गेल्या शरद ऋतूत गावसभेची निवडणूक झाली होती. त्यात पावाच्या दुकानातली क्लाव्दिया, म्हणजे आमची क्लावा, उभी राहिली होती. तिची मागणी एकच: चार नंबरची बस पुन्हा सुरू करा. मतदान उत्साहात झालं (केंद्रावर पिरोग, म्हणजे कोबी भरलेले पाव, स्वस्तात होते). निकाल लागला तेव्हा आमच्या केंद्रावर क्लावाला शून्य मतं होती.

शून्य हा आकडा पचायला जड असतो. दोन मतं पडली असती तर क्लावाने सोसलं असतं. शून्य म्हणजे नवऱ्याने, येगोरनेसुद्धा, तिला मत दिलं नव्हतं. तिने त्याची गादी गॅरेजमध्ये टाकली. मग तिच्या ध्यानात आलं की या हिशेबाने तिचं स्वतःचंही मत तिला पडलेलं नाही. ती माझ्याकडे आली. मी इथल्या दवाखान्यात डोळे तपासतो.

“डॉक्टर, माझी खूण चुकीच्या चौकोनात गेली असणार. बघा बरं, नजर उतरलीये का?”

मी तपासलं. डोळे लख्ख होते. तरी तिच्या समाधानासाठी मी हलक्या नंबरचा चष्मा लिहून दिला. त्या महिन्यात याच तक्रारीचे बरेच रुग्ण आले, आणि दवाखान्याला नेत्ररोग जागृतीबद्दल प्रांताची ढाल मिळाली.

चर्चेच्या दिवशी सभागृह चारशे माणसांनी खचाखच भरलं होतं. ‘आहे’च्या बाजूने गावाचे उपप्रमुख स्तानिस्लाव ग्लेबोविच बसले होते. समोर वेनियामिन. रिम्मा आर्काद्येव्नांनी त्याला जादूगाराचाच काळा कोट घालायला दिला होता, म्हणजे प्रेक्षकांचा गोंधळ होणार नाही.

“निकाल आधीच ठरलेले असतात म्हणे?” वेनियामिनने पहिला प्रश्न गडगडाटी आवाजात विचारला.

“त्याला अंदाज म्हणतात,” उपप्रमुख म्हणाले. “हवामानखातंही वर्तवतं. बर्फ पडला की आपण हवामानखात्यावर आरोप करतो का?”

टाळ्या.

“दर वेळी तेच का निवडून येतात?”

“कारण त्यांना अनुभव आहे. इतरांना का नाही? कारण ते निवडून येत नाहीत.”

पुन्हा टाळ्या. तिसरा प्रश्नही असाच निकाली निघाला. आता चार शब्द उरले होते. वेनियामिन उभा राहिला. कोटाचं बटण त्याने काढलं, परत लावलं.

“समाधान,” पडद्याआडून रिम्मा आर्काद्येव्ना कुजबुजल्या. “समाधान झालं!”

“ऐकू येतंय मला,” वेनियामिन म्हणाला. आता आवाज गडगडाटी नव्हता, घरातला होता. “पण नाही झालं. मला लोकशाहीतलं काही कळत नाही, स्तानिस्लाव ग्लेबोविच. मला माझ्या घरातलं सांगा. शरदात मी क्लावाला मत दिलं. तमारा म्हणाली, मीपण दिलं. निकालात शून्य. म्हणजे आमच्या दोघांत कुणीतरी खोटं बोलतंय. मी तमाराकडे बघायचो, ती माझ्याकडे बघायची. इतक्या वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा तिच्यावर संशय घेतला, तोही एका बसवरून. एका टेबलाशी बसून मुकाट सूप प्यायचो आम्ही. मला एवढंच सांगा, माझी बायको खोटारडी आहे का?”

तमारा चौथ्या रांगेत होती. मला वाटलं, ती उठून बाहेर जाईल. ती उठली, पण बाहेर गेली नाही.

“दिलं होतं रे मी,” ती म्हणाली. “मेल्या, तुला किती वेळा सांगू? दिलं होतं!”

मग मागून कुणीतरी म्हणालं, “मीपण.” खिडकीजवळून आणखी एक “मीपण.” औषधाच्या दुकानातल्या दोघी, शाळेचा शिपाई, आणि पूर्ण शुद्धीत असलेला तिखोन.

“मी काय सांगत होतो!” येगोर ओरडला. “थंडीचे चार महिने गॅरेजात काढलेत मी!”

“तू गप्प बस,” क्लावा म्हणाली. तिने चष्मा काढून डोळे पुसले. “घरी चल, मग बोलू.”

उपप्रमुख मुळीच डगमगले नाहीत. अशा प्रसंगी अनुभव कामी येतो.

“नागरिकहो,” ते म्हणाले, “मतदान गुप्त असतं की नाही, अशी परदेशात शंका घेतात. आज आपण त्यांना उत्तर दिलं. आपली मतं इतकी गुप्त राहिली की मोजणाऱ्यांनासुद्धा कळली नाहीत!”

या मुद्द्याला खरोखरच तोड नव्हती. मग चर्चेचा कौल घ्यायचं ठरलं. समाधान झालेल्यांसाठी हिरवी कार्डं होती चारशे, न झालेल्यांसाठी लाल वीस (परिपत्रकात अल्पमताचा आदर करायला सांगितलं होतं). लाल कार्डं मिनिटाभरात संपली. रांग दारापर्यंत गेली. हिरव्यांच्या गठ्ठ्याची दोरीही सुटली नव्हती.

“लाल संपली,” रिम्मा आर्काद्येव्ना म्हणाल्या. “ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी बसून घ्या.”

लोक बसले. बसलेला माणूस हा समाधानी माणूस असतो. विरोधात वीस, समाधानी तीनशे ऐंशी. पंच्याण्णव टक्के! शेजारच्या गावात ब्याण्णवच झाले होते.

कुणी म्हणेल, वेनियामिनला शिक्षा झाली असेल. तसलं काही आमच्याकडे होत नाही. त्याला ‘शंकानिवारणातील सक्रिय सहभागाबद्दल’ प्रशस्तिपत्र मिळालं. येत्या नववर्षाच्या नाटकात मात्र जादूगाराचं काम दुसऱ्याकडे गेलंय. वेनियामिन नववर्षाला सजवतात ते फरचं झाड होणार आहे. झाडाला संवाद नाहीत. तमाराची नोकरी शाबूत राहिली; फक्त तिला स्वयंपाकावरून भांडी घासण्यावर घेतलं.

“वाईट वाटतं का?” मी त्याला विचारलं.

“झाडाला कुणी हरवत नाही, डॉक्टर,” तो म्हणाला. “आणि आता सूप पिताना आम्ही बोलतो.”

मार्चमध्ये मोठ्या मतदानाबरोबर गावसभेच्या एका रिकाम्या जागेसाठीही मतदान झालं. क्लावा पुन्हा उभी राहिली. या वेळी आमच्या केंद्रावर तिला तीन मतं पडली. सुधारणा किती झाली याची टक्केवारी काढता आली नाही, कारण शून्याने भागता येत नाही. संध्याकाळी आम्ही सगळे तिच्याकडे पेल्मेनी, म्हणजे खिम्याचे उकडलेले मोदक, खायला जमलो.

“दोन आमची,” तमारा म्हणाली.

“तिसरं माझं,” येगोर घाईघाईने म्हणाला.

क्लावाने झारा खाली ठेवला. “मग माझं कुठे गेलं?”

मग आधी क्लावाच हसली, आणि हसता हसता तिने येगोरच्या ताटलीत आणखी चार पेल्मेनी वाढले.

वाचकहो, दूरदेशीच्या गावात काय काय चालतं, याची तुम्हाला मौज वाटली असेल. तुमच्याकडे असलं काही होत नाही, हे मी जाणून आहे. तरी रीत म्हणून विचारतो: या कथेत सांगितलेलं ज्यांना मान्य नसेल, त्यांनी हात वर करावा. घाई नाही. तुम्ही एकटेच वाचताय, कुणी बघत नाहीये, हजेरीही नाही.

एकही हात नाही? आभारी आहे. एकमताने मंजूर.