थर्माकोलचा दगड

राणेकाका सुपरहिरोला सुपरहिरो म्हणत नाहीत. टॉवेलवाला म्हणतात. पाठीवर काहीतरी फडकत असलं की झाला टॉवेलवाला, मग तो कुठल्या का ग्रहावरून आलेला असेना. पाठीवर टॉवेल नाही, नुसता मुखवटा आहे, तर तो तोंडझाक्या. त्यांच्या जगात या दोनच जाती.

मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीत ते माझ्या बरोब्बर वरच्या घरात राहतात. मूळचे कणकवलीकडचे. वडील गिरणीत होते, काका एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले. त्यांच्या वयाचे इमारतीतले बाकीचे पुरुष खाली बाकावर बसून देश चालवतात. राणेकाका दुपारी जेवण झालं की कॉमिक्सवरून काढलेले जुने इंग्रजी सिनेमे हिंदीत बघतात आणि निकाल देतात, कुठला टिकला आणि कुठला विटला.

विटला हा शब्द ते आमटीला वापरतात तसाच सिनेमाला वापरतात. "हा आला तेव्हा लोक थिएटरात शिट्ट्या मारत होते रे. आज बघ. विटला. वास येतो."

रविवारी दुपारी मी वर जाऊ लागलो तो बायकोने ढकललं म्हणून. राणेकाकी दीड-दोन वर्षं अंथरुणाला खिळल्या होत्या. पोटाचा आजार, डॉक्टरांनी हात टेकलेले. "जाऊन बसत तरी जा रे त्यांच्याकडे," बायको म्हणाली. मला खरंच जायचं नव्हतं. आजाऱ्याच्या घरात काय बोलायचं ते मला कळत नाही. सिनेमा चालू असला की बोलावं लागत नाही, एवढ्याच हिशेबाने मी गेलो, हे कबूल केलेलं बरं.

पहिल्याच रविवारी मी शहाणपणा केला. "काका, याची गोष्ट मात्र अजून चांगली वाटते."

"गोष्ट काय चाटायचीय? उचलतो कसा ते बघ."

ही त्यांची परीक्षा. अशा प्रत्येक सिनेमात टॉवेलवाला कधीतरी काहीतरी उचलतो. गाडी, खांब, दगड, नाहीतर बाई. काका तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघत. नव्या सिनेमांवर त्यांचा राग होता. "सगळं कॉम्प्युटरचं काम. ट्रक उचलतोय की पापड, तोंडावर काही फरक आहे? वजनच नाही!" जुन्यांतलेही बरेच नापास. एकाने अख्खी बस उचलली आणि वर कॅमेऱ्याकडे बघून हसला. काका ताडकन उठले. "हसतोय मेलो! बस उचलून हसतोय! आवशीक खाव तुझ्या..."

"अहो, संकष्टी आहे आज, शिव्या कसल्या देता," पलंगावरून काकी म्हणाल्या.

आणि मग एक कुठलातरी रंग उडालेला सिनेमा. मागचा डोंगर सरळसरळ पडद्यावर रंगवलेला. हिरो दरीच्या तोंडावरचा दगड उचलून बाजूला करतो. काका माझा हात धरून कुजबुजले, "थर्माकोल आहे तो. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे. पण बघ. आधी श्वास घेतला. आता गुडघा. मान ताणली बघ, शीर बघ! ह्याला म्हणतात उचलणं. टिकलो रे, टिकलो!" खूश झाले की ते मालवणीत शिरत, टिकलाचं टिकलो होई.

या माणसाबद्दल माझं मत मात्र वाईट होतं. कारण रोज दोन वेळा वरून त्यांचं कण्हणं ऐकू यायचं. काकींना पलंगावरून खुर्चीत बसवताना ते ओरडत, "अगो आये गं! काय जड झालंस गो! परवापेक्षा जास्तच!" आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत. मी बायकोला म्हणायचो, "आजारी बाईला कुणी असं बोलतं का? गावंढळ माणूस."

एका रविवारी दार नुसतं लोटलेलं होतं. काकी झोपलेल्या. आतल्या खोलीत काका कपाटाच्या आरशासमोर उभे होते आणि त्यांच्या दोन्ही हातांवर कापसाचा लोड आडवा होता. गुडघे वाकवून, दात आवळून ते लोड उचलत होते. पुन्हा खाली ठेवत होते. पुन्हा उचलत होते. आरशात मी दिसलो तसे थांबले.

मला हसू आलं. मी म्हणालो, "काका, टॉवेल राहिला."

ते हसले नाहीत. त्यांनी लोड नीट जागेवर ठेवला, त्यावरची चादर सारखी केली आणि हळू आवाजात म्हणाले, "काही राहिलं नाही रे तिच्यात. पोरासारखी हातावर येते. रोज विचारते, जड होते का हो मी? मी सांगतो, होतेस, वजन धरतेयस. मग पेज घेते दोन-चार चमचे. नाहीतर तोंड फिरवते." लोडावर हात ठेवून म्हणाले, "हलकं उचलताना जड दाखवायचं फार कठीण असतं. लगेच पकडतात. म्हणून बघतो त्या लोकांचं."

मी त्यांना गावंढळ म्हणालो होतो ते आठवत होतं.

मग व्हायचं ते झालं. गुडघा वाकव, मान ताण, या नाटकात काकांची कंबर खरोखरच धरली. पुढच्या रविवारी ते भिंतीला टेकून उभे होते. "आज तू बसव रे तिला खुर्चीत," म्हणाले. पलंगाजवळ नेताना कानात सांगितलं, "श्वास आधी. मग गुडघा. आणि आवाज विसरू नकोस."

मी विसरलो नव्हतो. श्वास घेतला, गुडघे वाकवले, एक हात पाठीखाली, एक हात गुडघ्यांखाली. पण मी जोर लावला तो एका माणसाला उचलण्याचा. हातात आलं ते काहीच नव्हतं. काकी झपकन माझ्या छातीपर्यंत वर आल्या, त्यांची वेणी हवेत उडून माझ्या तोंडावर आपटली. तोंडात तयार ठेवलेला आवाज तिथेच राहिला.

"अरे, अरे! उडवतोस की काय मला!" काकी हसल्या. मीही हसलो, मूर्खासारखा.

मग त्यांचं हसू ओसरलं. मी त्यांना खुर्चीत ठेवलं. त्यांनी माझ्या दंडाकडे बघितलं. माझे दंड काही बघण्यासारखे नाहीत, मी दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा माणूस. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"किती राहिले हो मी?"

काका म्हणाले, "तो तरणा आहे गो. त्याला काय जड?"

"पन्नाशीचा आहे तो. जिना चढून आला की पाणी मागतो."

पेजेची वाटी तशीच राहिली. काकांनी चमचा पुढे केला, काकींनी तोंड फिरवलं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. हे माझ्या हातून झालं होतं, माझ्या दोन हातांतून. मी म्हणालो, "काकी, माझं चुकलं."

"मला निजवा," त्या म्हणाल्या. मी पुढे झालो तर म्हणाल्या, "तू नको. ह्यांनी."

काका भिंत सोडून आले. खुर्चीशी वाकले. तोंडातून काही काढायचं नाही, असं ठरवल्यासारखे ओठ मिटलेले. त्यांनी काकींना उचललं आणि अर्ध्या वाटेत कंबरेत कळ आली असावी. तोंड वेडंवाकडं झालं, घाम फुटला, आणि घशातून जो आवाज निघाला तो मी खाली माझ्या घरात कधीच ऐकला नव्हता.

काकींनी त्यांच्या मानेभोवतीचा हात घट्ट केला. "आता पुरे ना हे खोटं."

"खोटं नाय गो," काका कसेबसे म्हणाले. "कंबर गेलीय खरंच."

पलंगाशी पोचले, काकींना टेकवलं आणि स्वतः तिथेच कडेला बसून राहिले, एक हात कंबरेवर, धापा टाकत. काकी बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. काकांच्या कपाळावरचा घाम त्यांनी आपल्या पदराने पुसला.

मग मला म्हणाल्या, "ती वाटी दे रे इकडे. आणि तू जा घरी. दार ओढून घे."

मी वाटी काकांच्या हातात दिली. जिन्यात आलो, दार ओढू लागलो, तेव्हा आतून काकींचा आवाज आला.

"एवढ्याशा चमच्यानं काय होणार? मोठा द्या."