दोन हात पॉलिश

कमलेश भोईरने सायकल घेतली जूनमध्ये आणि तिच्यावर बसून तो गेटबाहेर पडला नोव्हेंबरात. मधले पाच महिने टायर ठरवण्यात गेले. सायकल डोंगरात चालवायची, जाड चाकांची. पण तिच्याबरोबर आलेले टायर कमलेशच्या मते नुसते शोभेचे होते. ओल्या वाटेला मऊ रबराचे, उंच आणि विरळ उंचवट्यांचे टायर लागतात. कोरड्या वाटेला कडक, बुटक्या आणि दाट उंचवट्यांचे. ओले टायर कोरड्यावर घासून संपतात, कोरडे टायर ओल्यावर घसरून मालकाला संपवतात. आता ठाण्याच्या बाळकुममध्ये एकाच रस्त्याची डावी बाजू धुळीची आणि उजवी फुटलेल्या पाइपामुळे बारमाही ओली, तिथे माणसाने करायचं काय? एवढा विचार यांनी लग्न ठरवतानाही केला नव्हता, असं त्याची बायको कल्पिता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

पण प्रश्न टायरचा नव्हता, इज्जतीचा होता. भोईरांच्या भातशेतीवर आता अठ्ठावीस मजल्यांचे चार टॉवर उभे होते आणि टॉवरवाल्यांचा एक सायकल क्लब होता. क्लबचा म्होरक्या विनीत. कमलेशने क्लबात येऊ का, असं विचारलं तेव्हा तो फार गोड हसला होता. "दादा, तुम्हा लोकांना मोठ्या गाडीची सवय. हे जरा टेक्निकल असतं," असं म्हणाला होता. ज्या जमिनीत आपल्या बापाने तीस वर्षं नांगर धरला, तिच्यावर उभं राहून हा आपल्याला टेक्निकल शिकवतो, हे कमलेशला फार लागलं. तो चिडून हटूनच बसला, तेव्हा कुठे ठरलं: रविवारी क्लबबरोबर खाडीकाठच्या जुन्या मिठागराच्या बांधावरून फेरी करायची. पुरी केली तर ग्रुपमध्ये घेऊ, नाहीतर रामराम.

विनीतने मोबाइलवर हवामान पाहून फतवा काढला की पावसाची शक्यता शून्य, सगळ्यांनी कोरडे टायर चढवावेत. कमलेशचं मात्र मन ठरेना. शेवटी त्याने पुढे ओल्याचा आणि मागे कोरड्याचा असा एकेक टायर घेतला. दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांचा मान राखावा, तसं. घरी वडिलांना, म्हणजे पंढरीशेठना, त्याने हवामानाचं सांगितलं. त्र्याहत्तर वर्षांचे पंढरीशेठ झोपाळ्यावरून न उठता म्हणाले, "पुनव हाय रविवारी. उधानाचं पानी बांधावर चढंल. वला व्हायला पाऊस कनाला पायजे?"

शनिवारी टायर बसले. भोईरांच्या घरातून कुठलंही नवं चाक पूजेशिवाय बाहेर पडत नाही, मग ते ट्रकचं असो की पोराच्या तीनचाकी सायकलचं. रविवारी सकाळी कमलेश अंगणात आला तर सायकलच्या हॅण्डलला झेंडूचा हार, दांडीवर हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. आणि टायर असे काळेभोर चमकत होते की त्यांत तोंड पाहून भांग पाडावा. महाग रबर ते महाग रबर, असं कमलेशला वाटलं आणि पाच महिन्यांचं सार्थक झालं. पंढरीशेठ बाजूला उभे राहून मिशीत हसत होते. नारळ फुटला, लिंबं चिरडली, कमलेश निघाला.

टॉवरच्या गेटसमोर क्लबची बारा माणसं उभी होती. कमलेश ऐटीत वळला आणि ठणठणीत कोरड्या सिमेंटवर आडवा झाला. वॉचमनने केलेला सलाम तसाच हवेत राहिला.

विनीतने दोन बोटांनी टायर दाबून हवा जास्त असल्याचं निदान केलं. हवा सोडली. पुढच्या वळणावर कमलेश पुन्हा पडला. दुसऱ्या तज्ज्ञाने हवा कमी असल्याचं सांगितलं. हवा भरली. तो तिसऱ्यांदा पडला, तेव्हा तिसरा म्हणाला की टायरच उलटे लावलेत, ओल्याचा मागे हवा. मग रस्त्याच्या कडेला पाऊण तास खोलाखोली झाली, टायरांची अदलाबदल झाली, आणि कमलेश पुन्हा पडला. आता मात्र सगळ्यांचं एकमत झालं की दोष चालवणाऱ्याचा आहे. कोपर सोललेलं, गुडघा सुजलेला, आणि मागून कुणीतरी हळूच हसलेलं. घरी परत जावं असं कमलेशला फार वाटलं. पण परत जायला टॉवरच्याच गेटसमोरून जावं लागणार होतं, म्हणून तो पुढे निघाला.

बांधावर पोचेपर्यंत सिमेंटने टायरच्या माथ्यावरची चमक खाऊन टाकली होती. खाचांतली तेवढी शाबूत होती. बांध मात्र उधाणाच्या पाण्याने पुरता भिजला होता. मिठागराचा चिखल म्हणजे चिखल नव्हे, नातेवाईक. एकदा चिकटला की जात नाही. बाराही जणांच्या दाट उंचवट्यांत तो असा भरला की चाकांचे लाडू झाले. लाडू फिरेनात. विनीत सायकल खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलात उभा राहिला आणि त्याच्या बाजूने कमलेश, आपलं काय चाललंय हे स्वतःलाही न कळता, सरळ निघून गेला. त्याच्या टायरवरून चिखल अळवावरच्या पाण्यासारखा ओघळत होता. बांधाच्या दुसऱ्या टोकाला पोचला तो एकटाच.

अर्ध्या तासाने बाकीचे आले. विनीतने कमलेशच्या टायरची खाच बोटाने पुसली आणि बोट नाकाशी नेलं. "दादा, हे काय लावलंय?" कमलेशनेही वास घेतला. वास ओळखीचा होता. त्यांच्याच गाळ्यात मयूरचं गाड्या धुण्याचं दुकान होतं आणि हळदीच्या मिरवणुकीला गाडी तिथून असाच वास मारत यायची. त्याने घरी फोन लावला. हात चिखलाचे होते म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"बाबा, टायरला तुम्ही काय लावलंत?"

"पॉलिश. नवीन वस्तू हाय, सुकीच कशी न्यायची चार लोकांत? मयूरला सांगितलं, मोठ्या गाडीला एक हात मारतोस ना, पोराच्या सायकलीला दोन मार."

कमलेशला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पाच महिने ज्या पकडीसाठी घालवले, तिच्यावर बापाने रात्रीतून दोन हात फिरवले होते. पण विनीत फोनवर ओणवला होता.

"काका, चिखल चिकटू नये म्हणूनच ना?"

पलीकडे झोपाळा करकरला. पंढरीशेठनी किंचित विचार केला. "मंग? मिठागरात आमी फावड्याला तेल लावायचो. तेल लावलेलं फावडं चिखल धरत नाय."

बारा चिखलमाखले चेहरे भक्तिभावाने फोनकडे बघत राहिले. विनीतने तिथल्या तिथे जाहीर केलं की असा माणूस क्लबला हवाच.

संध्याकाळी कमलेश खरोखर ग्रुपमध्ये आला. पंढरीशेठकडे साधा फोन, म्हणून विनीतने कमलेशचाच नंबर घेतला आणि खाली लिहिलं: 'आपले नवे तांत्रिक सल्लागार पंढरीकाका यांचं स्वागत.' पन्नास जणांनी हात जोडले. मग प्रश्न सुरू झाले. काका, उद्या ओलं की कोरडं? काका, पॉलिश कुठलं? कमलेश एकेक प्रश्न झोपाळ्यापर्यंत नेई, उत्तर आणून टाइप करी आणि शेवटी 'आपला, पंढरी' असं लिही. बापाचा मान बघून त्याला बरं वाटत होतं. बाकी कमलेशचं स्वतःचं नाव कुणी काढलं नव्हतं.

रात्री जेवणाआधी शीला नावाच्या बाईंचा संदेश आला. त्या फेरीला आल्या नव्हत्या. 'काका, तुमचा मुलगाही चालवतो ना सायकल? कशी चालवतो?'

कमलेशने बराच वेळ अंगठा फोनवर धरून ठेवला. 'उत्तम' असं लिहायला कोण अडवणार होतं? पण सवयीने तो उठला आणि झोपाळ्यापाशी जाऊन त्याने प्रश्न वाचून दाखवला.

पंढरीशेठनी त्याच्या सुजलेल्या गुडघ्याकडे मायेने पाहिलं. "शिकतंय म्हनून सांग."

कमलेशने तसंच लिहिलं. खाली सही केली: आपला, पंढरी. पन्नास जणांनी लगेच अंगठे दिले.