बायजाच्या पोटावरची शेवटची ओळ

आमच्या आंबिवलीच्या शाळेतलं एकही पोर यंदाच्या आरोग्य तपासणीत नापास होणार नाही, असं मी स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं. मी चौथीचा वर्गशिक्षक. पुढचं वाचून मला गुरुजी म्हणायचं की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

मागच्या वर्षी डॉक्टरांची गाडी आली तेव्हा एकवीस पोरं डोळ्यांच्या तक्त्यासमोर त-त-प-प करत उभी राहिली. पालक विचारायला आले. घाबरलीत, काही नाही, असं सांगून मीच त्यांना परत पाठवलं. मला खरंच तसं वाटत होतं! साहेब वर्गात येणार म्हटलं की आम्ही आठवडाभर आधी पोरांकडून उत्तरं घोटून घेतो. अठरा वर्षांच्या नोकरीत मी दुसरं काही शिकलोच नाही.

त्यात डॉक्टर तक्ता शाळेतच विसरून गेले. यंदा तपासणीच्या महिनाभर आधी मी तो व्हरांड्यात टांगला आणि रोज प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेकडून पाढ्यांसारखा म्हणवून घेतला. वरून खाली, खालून वर, एक डोळा झाकून.

तपासणीच्या दिवशी पोरं फटाक्याच्या माळेसारखी सुटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेवटची ओळ मलासुद्धा इतक्या भराभर वाचता येत नाही. मी लाजलो. फळ्याच्या वर भिंतीवर ऑइलपेंटने लिहून टाकलं: एकूण विद्यार्थी २१२, चष्म्याची गरज ०. शून्य मुद्दाम भाकरीएवढं काढलं.

माझ्याच वर्गातली जागृती फळ्यावरची गणितं चुकीची उतरवायची. तिच्या वहीत मी लाल पेनाने तीनदा ‘निष्काळजी’ लिहिलं आणि शिक्षा म्हणून शेवटच्या बाकावर बसवलं.

एका सकाळी तिची आजी बायजा वर्गात आली. इथलीच, जुन्या गावातली बाई.

“सर, गेटावरून हात केला तं पोर दुसरेच बाईचे मागं चालली. रिक्षाखाली जाता जाता वाचली. मना वलकत नाय ती.”

मी हसलो. जागृतीचं कार्ड काढून दाखवलं: दृष्टी उत्तम. आजीची खात्री पटावी म्हणून तोच तक्ता आणून वर्गात टांगला आणि जागृतीला वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. बायजाला वाचता येत नाही. हे आहे तरी काय, म्हणून ती तक्त्याला नाक लावून उभी राहिली. सगळा तक्ता तिच्या लुगड्याआड. बाजूला व्हा, म्हणणार तेवढ्यात जागृती सुरू झाली. वरपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कुठेही न अडखळता.

बायजा सावकाश आमच्याकडे वळली.

“मंग सर, माजे पोटावर हं सगलं लिवलंय का?”

चाळीस पोरांतलं एकही हसलं नाही. मी जागृतीला विचारलं, समोर काय दिसतंय? तिने डोळे बारीक केले, मान पुढे काढली.

“तक्ता,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आरोग्य खात्याचं ठाण्याचं ऑफिस गाठलं. तिथल्या देवयानी मॅडम म्हणाल्या की नोंदीत सगळं उत्तम आहे, आता तपासणी पुढच्या वर्षी. त्याआधी हवी असेल तर शाळेने कारण लेखी द्यावं लागेल. मी लिहिलं: मी मुलांकडून तक्ता पाठ करून घेतला. मॅडमनी तो कागद दोनदा वाचला.

“सर, सही करताय ना? मग माघार नाही हं.”

सही केली. आठवड्यात गाडी आली, नवा तक्ता घेऊन. एकोणीस पोरांना चष्मा लागला. मला नोटीस लागली. लागावी! जागृतीच्या वहीत मी तीनदा लिहिलेला शब्द साहेबांनी माझ्यासाठी एकदाच वापरला.

चष्मा आला त्या दिवशी जागृतीला म्हटलं, पुढे ये, पहिल्या बाकावर बस. ती जागची हलली नाही. भिंतीकडे बघत राहिली आणि मग मोठ्याने वाचलं, “चष्म्याची गरज, शून्य.” माझ्याकडे वळली. “सर, हे चुकलंय. मी आहे ना.”

मी टेबलावर चढून रॉकेलच्या बोळ्याने ते शून्य घासघास घासलं. तरी पुसट डाग राहिलाच. मला तो आता फारसा दिसत नाही. पण जागृती सांगते की शेवटच्या बाकावरून अगदी स्पष्ट दिसतो.