साहेबांच्या नावावरची खाट

"देशातल्या सरकारी दवाखान्यांतला वशिला मी मुळापासून उपटलाय," असं आरोग्य खात्यातले सुधारणासाहेब आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते. नवी पद्धत त्यांनीच आखली होती. खाट कोणाला द्यायची ते कंप्युटर ठरवणार आणि दिलेली खाट डॉक्टरांनी तपासून सोडल्याशिवाय दुसऱ्याला मिळणार नाही. मग मंत्र्यांचा मेव्हणा का येईना!

बायको म्हणाली, "एकदा स्वतः रांगेत उभं राहून बघा की."

साहेबांना ते पटलं. जुना शर्ट चढवून ते रुग्णालयात गेले. दीड तासाने खिडकीशी पोचले तेव्हा लक्षात आलं, की आजार ठरवायचाच राहिला.

"काय होतंय?" कारकुनाने विचारलं.

"पोटात दुखतंय."

"कुठे?"

"उजवीकडे. खाली."

हे त्यांच्याच फॉर्मातलं होतं, म्हणून चटकन सुचलं. कंप्युटरनेही चटकन त्यांना तातडीचा रुग्ण ठरवलं. पाचव्या मिनिटाला साहेब पाठीमागे नाड्या बांधायचा झगा घालून वॉर्डातल्या शेवटच्या रिकाम्या खाटेवर बसले होते. वर आपल्या कामाच्या झपाट्यावर खूशही होते.

तेवढ्यात एक म्हातारा आला. खरोखरच पोट धरून, वाकलेला, घामाने भिजलेला. सोबत त्याची बायको. सिस्टरने त्याला बाकावर बसवलं.

साहेब टुणकन उतरले. "यांना माझी खाट द्या."

"उतरून काय उपयोग? खाट तुमच्या नावावर आहे. कंप्युटर दुसरं नाव घेत नाही, आणि नाव चढल्याशिवाय मला सलाईनसुद्धा लावता येत नाही."

"मग डॉक्टरांना बोलवा."

"ऑपरेशनमध्ये आहेत. दोन तास तरी लागतील."

"अहो, पण मला काहीच झालेलं नाही."

"मग इथे आलात कशाला?" सिस्टर म्हणाली. "आणि माझ्यावर डोळे वटारू नका. हा नियम वर बसलेल्या कुठल्यातरी शहाण्याने केलाय. त्याला जाऊन विचारा."

शहाणा झग्याची नाडी धरून उभा राहिला. म्हातारा कण्हत होता, म्हातारी त्याची पाठ चोळत होती. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ते कोपऱ्यात गेले आणि त्यांनी रुग्णालयाच्या प्रमुखांना फोन लावला.

"मी बोलतोय, खात्यातून. आपलाच एक माणूस आहे, जरा बघा ना."

चार मिनिटांत कंप्युटरने म्हाताऱ्याचं नाव घेतलं. सलाईन लागलं. दुसरे एक डॉक्टर धावत आले. वेळेत आणलंत, म्हणाले.

म्हातारीने साहेबांना हात जोडले. "तुमची ओळख होती म्हणून निभावलं हो. नाहीतर आमच्यासारख्यांना कोण विचारतं?"

"तसं काही नाही, मावशी," साहेब जमिनीकडे बघत पुटपुटले.

"असू दे, असू दे. तेवढा तुमचा नंबर लिहून द्या. पुढच्या महिन्यात सुनेचं बाळंतपण आहे."

साहेबांनी नंबर लिहून दिला. एखादा आकडा चुकीचा लिहावा असं क्षणभर मनात आलं होतं, पण तेवढीही हिंमत झाली नाही.