सीताफळाच्या गाड्यावर आठ नायिका

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाजोगाईला एम.ए.चा साहित्यशास्त्राचा पेपर होता आणि आरजू परातीसमोर बसून स्वतःच्याच आवाजाची वाट बघत होती. कणीक मळता मळता उजळणी करायची, ही तिची पद्धत. नायिकाभेदाच्या सगळ्या नोट्स तिनं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केल्या होत्या, पेनड्राइव्हमध्ये भरल्या होत्या आणि फडताळावरच्या छोट्या स्पीकरला लावून ती घरकाम करत ऐकायची. मोबाइल मात्र तिनं परीक्षा होईपर्यंत आपणहून दादीच्या पेटीत कुलूपबंद केला होता. तो हातात असला की काव्यशास्त्राकडून मेंदीच्या डिझाइनकडं जायला वेळ लागत नसे.

हाताला कणीक होती म्हणून तिनं कोपरानं बटण दाबलं.

"सीताफळ घ्या, सीताफळ! धारूरच्या घाटातलं, मधासारखं सीताफळ! डोळे मोठे, बिया थोड्या!"

आवाज तिचाच होता, पण हे अब्बांच्या गाड्यावरचं रेकॉर्डिंग. तेही तिनंच करून दिलेलं. दोन्ही पेनड्राइव्ह एकाच दुकानातले, दोन्ही लाल. आरजूचा हात परातीतच थांबला.

"दादी, अब्बा कधी गेले गाडा घेऊन?"

"लई येळ झाला की. कावून गं?" रहेमतबी तांदूळ निवडत म्हणाल्या.

"भोंग्याला माझा अभ्यास लावून गेलेत!"

"मग बिघडलं काय? गावाला बी जरा ग्यान व्हईल."

अब्बांच्या लक्षात येण्याची आशा नव्हती. वर्षानुवर्षं भोंग्याशेजारी चालून जमीलचा डावा कान कामातून गेला होता. उजव्या कानाला एवढंच कळायचं की लेक बोलतेय. आणि लेक बोलतेय म्हणजे सीताफळच विकतेय, याबद्दल त्याच्या मनात कधी शंका आली नव्हती.

आरजू हात न धुताच निघाली. तिला काळजी होती ती फक्त उजळणीची. आजचा दिवस नायिकाभेदाला दिला होता आणि आठ नायिकांपैकी चौथी आणि पाचवी अजून एकमेकींत मिसळत होत्या.

कोपऱ्यावर बजरंग शिंप्याचं दुकान होतं. तिथं ब्लाउजचं माप द्यायला एक आणि ऐकायला सहा बायका, अशी नेहमीची गर्दी. आज त्या सगळ्या उभ्या राहून बोलत होत्या. आरजू दिसताच वनमालाबाई लगबगीनं पुढं आल्या.

"आगं आरजू, ती पाचवी कोन म्हनलीस? मधूनच टेम्पो गेला बघ, कायबी ऐकू आलं न्हाई."

महिनाभर घोकंपट्टी केलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारला की उत्तर आधी तोंडातून बाहेर पडतं आणि विचार मागून येतो. आरजूचंही तसंच झालं.

"पाचवी खंडिता. नायक रात्रभर दुसरीकडं राहतो आणि सकाळी घरी येतो, तेव्हा संतापते ती."

"म्हंजी चतुराबाईच की!" वनमालाबाईंनी टाळी वाजवली. "म्या म्हनलं न्हाई? घरचीला बी मोजलंय त्यात!"

"कोण चतुराबाई?"

"आता गं! नाईकाची बायकू!"

आता कुठं आरजूला उलगडलं. त्यांच्या तेलगावात सरपंचपदाची निवडणूक होती. एका बाजूला उत्तरेश्वर नाईक उभे होते, दुसऱ्या बाजूला भागवत. आठवडाभर गावातून फिरणारा प्रत्येक भोंगा या दोघांपैकी कुणाचं तरी नाव घेऊन ओरडत होता. अशात आज एक भोंगा गल्लोगल्ली सांगत होता, की नायकाच्या भेटीसाठी सजून बसते ती पहिली, नायक आला नाही म्हणून तळमळते ती दुसरी. आणि भोंग्यातून 'नायक' आलं काय नि 'नाईक' आलं काय, ऐकणाऱ्याला सारखंच.

"मावशी, ते नाईककाकांबद्दल नाही. ते अभ्यासातलं आहे."

"व्हय, अभ्यास करूनच बोललीस गं. एकेकीचं कसं बारीक सांगितलंस!"

ती पळतच फाट्यावर आली. चहाच्या हॉटेलात भागवतची माणसं बाकं अडवून बसली होती आणि त्यांच्यात जोरात चर्चा चालू होती.

"आठवीचं तं नावच सांगितलं बे भोंग्यानं. सारिका!"

"नुसतं सारिका न्हाई. अभी सारिका. म्हंजी आधीच्या सात होऊन गेल्या. अभी, सारिका चालू हाय."

"कोनती सारिका पर? गावात दोनच. एक तुळजाबाईची नात, ती तं दुसरीत हाय. दुसरी गेल्या साली लगीन होऊन लातूरला गेली."

"मग लातूर असंल. नाईक मागल्या महिन्यात लातूरला गेलतेच की!"

"दात दाखवायला गेलते ते."

"आसं घरी सांगितलं त्यांनी."

आरजू दारात उभी राहून दम खात म्हणाली, "अभिसारिका! एकच शब्द आहे तो. नायकाला भेटायला स्वतःहून चोरून जाते, तिला अभिसारिका म्हणतात."

 बाकावरचा एक जण दबक्या आवाजात म्हणाला, "स्वतःहून जाती? या वयात? काय मानूस हाय बे!"

त्याच्या बोलण्यात टिंगल होती असं आरजूला वाटलं नाही. त्यात कौतुकच जास्त होतं. पण त्याचा विचार करायला तिला सवड नव्हती, कारण कुणीतरी सांगितलं की गाडा नाईकाच्या दारात अडवलाय.

नाईकाच्या दारात जत्रा भरली होती. मधोमध जमीलचा गाडा, त्यावर भोंगा आणि भोंग्यातून आरजूचा स्वच्छ, ठसठशीत आवाज: "कलहांतरिता! ही नायकाशी कडाकडा भांडते, त्याला घरातून घालवून देते आणि तो गेल्यावर रडत बसते!" रेकॉर्डिंग संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं. नुसतं उभं राहायला बरं दिसत नाही म्हणून लोक सीताफळं घेत होते, तिथंच फोडत होते आणि बिया थुंकत ऐकत होते. गाड्यावर तळाची चार फळं उरली होती. नाईकाचे दोन पुतणे जमीलसमोर बाह्या सारून उभे होते.

"चाचा, खरं सांगा. भागवतनं लावायला सांगितलं ना हे?"

"भागवत कशाला सांगंल? रोजचंच हाय की हे!" जमील आनंदात होता. "धारूरचा माल हाय. तुमी खाऊन तं बघा!"

आरजू गर्दीतून घुसली आणि तिनं पेनड्राइव्ह उपसला. भोंगा बंद पडला. गर्दीतून एक नाराजीचा सूर उमटला.

"बंद कावून केलं?" ओट्यावरून चतुराबाईंचा आवाज आला. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "सातवी ऐकायची राह्यलीय माजी. ये, आत ये तू."

बैठकीत उत्तरेश्वर नाईक खुर्चीत अंग चोरून बसले होते. पित्ताचा त्रास असलेला, किडकिडीत, नऊला झोपणारा माणूस. समोर सोडा घातलेला पाण्याचा ग्लास होता. आरजूनं एका दमात सगळं सांगितलं. पेनड्राइव्ह बदलला. नायक म्हणजे काव्यातला, नाटकातला पुरुष. जुन्या शास्त्रकारांनी नायिकांचे आठ प्रकार केले आहेत. नाईककाकांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. उद्या पेपर आहे. बोलता बोलता तिनं कणकेच्याच हातानं डोळे पुसले.

"रडतीस कशाला?" चतुराबाईंनी तिला पाणी दिलं. "मला का कळत न्हाई व्हय? या मानसाला आठ? दुकानातून आठ वस्तू आन म्हनलं तं सहाच आनतेत, त्यात एक चुकीची आसती."

आरजूला हसू आवरेना. नाईकांनी मात्र मान वर केली. सकाळपासून गावानं एवढे आरोप केले तेव्हा ते नुसते घाबरले होते. आता पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर दुखावल्यासारखं काही दिसलं.

"आगदीच तसं काय न्हाई," ते पुटपुटले.

"काय तसं न्हाई?"

"काय न्हाई. सोडा संपला म्हनलं."

चतुराबाईंनी आरजूकडून आठही प्रकार नीट समजून घेतले. चौथी कलहांतरिता, पाचवी खंडिता, हे त्यांना सांगताना आरजूच्याही डोक्यात दोघी पहिल्यांदा वेगळ्या झाल्या. नवऱ्याला मुठीत ठेवते ती स्वाधीनपतिका, हे ऐकल्यावर चतुराबाईंनी तिला तिथंच थांबवलं. "हां, ही मी. बाकीच्या राहू दे," असं म्हणून त्या समाधानानं चहा टाकायला आत गेल्या.

"काका, मी अब्बांच्या भोंग्यावरून आत्ता खुलासा करते," आरजू म्हणाली. "सगळ्या गल्ल्यांतून सांगते, की तुमचं असलं काहीही नाही."

नाईक उठले. स्वयंपाकघराकडं एकवार बघून तिच्याजवळ आले.

"खुलाशाची एवढी काय घाई हाय?" ते हळूच म्हणाले. "पेपर हाय तुजा. अभ्यास कर. मतदान होऊ दे, मग बघू खुलाशाचं."

ते तिला सोडायला ओट्यावर आले तेव्हा गर्दी हललेली नव्हती. फाट्यावरची तरणी पोरं, जी एरवी नाईकांना बघून बाकावरून पायसुद्धा खाली घेत नसत, ती बाजूला सरकली. एकानं तर नमस्कार केला. "साहेब, काय लागलं तं सांगा. आमी हाव." नाईकांनी मिशीवरून बोट फिरवलं, पुतण्यांना गाड्याची वाट सोडायला सांगितलं आणि छाती काढून प्रचाराला निघाले. पित्ताची गोळी घ्यायचंही त्यांना आठवलं नाही.

संध्याकाळी आरजू दारात पाय मोकळे करत 'प्रोषितपतिका, नवरा परगावी गेलेली' असं पुटपुटत होती. जमील रिकामा गाडा धूत होता. एवढ्यात गल्लीत एक मोटरसायकल थांबली. भागवत होते, एकटेच. आरजूला वाटलं, आता हे भांडणार. नाईकांच्या बदनामीचा आळ भागवतांवर आला म्हणून.

"काका, चूक माझीच झाली. तुमचं नाव उगाच..."

"माजं नाव कुटं झालं?" भागवत कळवळून म्हणाले. "त्याचंच दुखनं हाय ना. सकाळधरनं सगळ्या गावाच्या तोंडात नाईक. माझ्या सभेला बोलावलेली मानसं बी नाईकाच्या दारात सीताफळं खात बसली. रस्ता करतो, पानी आनतो म्हनून मी घसा फोडलाय, पर कुनी ऐकंना."

"मग मी काय करू?"

भागवतांनी मागं वळून गल्लीकडं पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"तुजा पेपर झाला की आमचं बी आसं एक रेकॉर्ड करून दे. तुज्याच आवाजात, शास्त्रातल्या नावासगट. आठ नगंत, आठ कुनाला खरं बी वाटायचं न्हाई. तीन-चार टाक. चांगल्या घरातल्या दिसाव्यात."

जमीलनं फडकं पिळत उजवा कान पुढं केला. "रेकॉर्ड? करंल की! लई चालतंय तिचं रेकॉर्ड. आज सगळा माल गेला!"

"मग ठरलं चाचा," भागवतांनी मोटरसायकलला किक मारली, थोडं पुढं गेले आणि पुन्हा थांबले. मान वळवून म्हणाले, "फक्त गाडा तेवढा आमच्या गल्लीत आनू नका. आमची बायकू दिवसभर दारातच बसलेली आसती."